वेगवान मोटारसायकलींचे इंधनगणित

बेंगळुरू : वस्तू व सेवा कराची नवी रचना २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली आणि देशातील मोटारसायकलींच्या बाजारात एक ठळक रेषा ओढली गेली. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकींवर उपकरासह ३१ टक्के कर होता, तो ४० टक्के झाला. मोठे इंजिन म्हणजे चैन आणि चैन म्हणजे इंधनाची उधळपट्टी, या सर्वसाधारण समजाशी ही विभागणी जुळणारी आहे. मात्र एखादी वेगवान मोटारसायकल प्रत्यक्षात किती पेट्रोल जाळते, हा प्रश्न इंजिनाच्या आकारमानाने पुरता सुटत नाही. ती कोणत्या रस्त्यावर, किती वेगाने आणि कोणत्या सवयीने चालविली जाते, यावर उत्तराचा मोठा भाग अवलंबून असतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी बेंगळुरूइतके योग्य शहर देशात क्वचितच सापडेल. नोंदणीकृत वाहनांची संख्या येथे एक कोटीच्या वर गेली असून त्यांतील सुमारे दोन तृतीयांश दुचाकी आहेत. माहिती तंत्रज्ञान उद्योगातील तरुण नोकरदारांमुळे वेगवान मोटारसायकलींना येथे मोठी मागणी आहे. शहरापासून जवळच, तामिळनाडूच्या हद्दीतील होसूर येथे टीव्हीएस कंपनीचा कारखाना आहे. याच शहरात अल्ट्राव्हायोलेट या कंपनीने विजेवर चालणारी वेगवान मोटारसायकल घडविली. त्याच वेळी, जगातील सर्वांत संथ रहदारीच्या शहरांतही बेंगळुरूची गणना होते. ताशी दीडशे किलोमीटर धावू शकणारे वाहन सायकलच्या गतीने चालवावे लागणे, हा येथील चालकांचा नित्याचा अनुभव आहे.

मायलेजची परंपरा

भारतीय ग्राहक दुचाकी घेताना पहिला प्रश्न मायलेजचा विचारतो, हे सर्वश्रुत आहे. या सवयीला इतिहास आहे. १९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या तंत्रज्ञानावर आधारित राजदूत ३५० ही मोटारसायकल बाजारात आणली. दोन सिलिंडरांचे हे टू-स्ट्रोक इंजिन त्या काळाच्या मानाने विलक्षण ताकदवान होते. पण त्याची पेट्रोलची भूकही तेवढीच मोठी होती. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेच्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुरासोबत बाहेर पडतो. त्यामुळे वेगाबरोबर अपव्ययही वाढत असे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, हीरो होंडाची सीडी १०० आली. ताकद कमी, पण फोर-स्ट्रोक इंजिनामुळे पेट्रोलची मोठी बचत, असा तिचा लौकिक झाला. कौल कोणत्या बाजूने लागला हे सर्वांना ठाऊक आहे. राजदूत ३५० चे उत्पादन त्या दशकाअखेरीस संपुष्टात आले. म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीचा कारखानाही १९९६ मध्ये बंद झाला.

वेग आणि बचत एकत्र नांदू शकतात, हे पटवून देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर पुण्याच्या बजाज ऑटोकडे जाते. २००१ मध्ये आलेल्या पल्सरने मध्यमवर्गीय ग्राहकाच्या मनातील वेगाविषयीचा संकोच दूर केला. पुढे २०१३ मध्ये चाकण येथे तयार झालेली केटीएमची ३९० ड्यूक बाजारात आली आणि चाळीसहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली. त्यानंतर कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार होऊन संगणक-नियंत्रित इंधन फवारणी सर्वत्र रूढ झाली. आजची वेगवान मोटारसायकल राजदूत ३५० च्या तुलनेत कितीतरी काटकसरी आहे. पण तिचा सर्वोत्तम मायलेज आणि सर्वांत वाईट मायलेज यांतील अंतर मात्र मोठे राहिले आहे.

पेट्रोल नेमके जाते कोठे

शहरात गाडीचा वेग वाढविण्यासाठी जी ऊर्जा खर्च होते, ती ब्रेक दाबताच उष्णतेच्या रूपाने वाया जाते. चालकासह २५० किलो वजनाची मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगावर आणण्यासाठी सुमारे ३५ किलोज्यूल ऊर्जा लागते. इंजिन इंधनातील ऊर्जेचा पाचवा हिस्साच चाकापर्यंत पोहोचविते असे धरले, तर प्रत्येक वेळी पाच मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल खर्ची पडते. हीच गाडी ताशी ४० किलोमीटरपर्यंतच नेली, तर हा खर्च निम्म्याहूनही कमी होतो, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन सिग्नलांच्या मधल्या तीन-चारशे मीटरमध्ये मूठ पिळून साठ गाठायचे आणि लगेच करकचून ब्रेक लावायचा, अशी सवय असल्यास किलोमीटरमागे दोन-तीन वेळा हा खर्च होतो. लिटरला ३० किलोमीटर देणारी मोटारसायकल प्रत्येक किलोमीटरला सुमारे ३३ मिलिलिटर पेट्रोल घेते. त्या तुलनेत हा अपव्यय किती मोठा आहे, हे सहज लक्षात येईल.

महामार्गावर शत्रू बदलतो. तेथे ब्रेकपेक्षा वाऱ्याचा अवरोध महत्त्वाचा ठरतो. मोटारसायकल आकाराने लहान असली, तरी उघडे इंजिन, आरसे आणि सरळ बसलेला चालक यांमुळे तिचा आकार वाऱ्याच्या दृष्टीने बेढब असतो. कार त्या मानाने गुळगुळीत असते. वाऱ्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटर वेगाने जाताना हा अवरोध सव्वादोन पट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती तिपटीहून अधिक होते. मागे लावलेल्या सामानाच्या पेट्या त्यात आणखी भर घालतात. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा मुंबईच्या तुलनेत सुमारे ८ ते १० टक्के विरळ आहे. त्यामुळे अवरोध थोडा कमी होतो. पण ताशी दहा किलोमीटर वेग वाढविताच हा फायदा संपून जातो.

तिसरे कारण वेगवान इंजिनाच्या घडणीतच आहे. अशी इंजिने मिनिटाला आठ-दहा हजार फेऱ्यांवर आपली पूर्ण ताकद देतात. शहरातील रहदारीत त्या ताकदीचा अल्पसा अंशच वापरला जातो. हवेचा मार्ग जवळजवळ बंद असताना इंजिनाला श्वास घेण्यासाठीच जास्त कष्ट पडतात आणि आतील भागांच्या घर्षणावर इंधन खर्च होत राहते. खालच्या गिअरमध्ये इंजिन विनाकारण जास्त फेऱ्यांवर ठेवणे म्हणजे हे घर्षण वाढविणे होय. याउलट, फार वरचा गिअर टाकून इंजिनाला धापा टाकायला लावण्यानेही बचत होत नाही. इंजिन धक्के न देता जेथे सहज ओढते, तेथवर वरचा गिअर वापरणे हाच मध्यम मार्ग ठरतो.

इंधन फवारणीच्या गाड्यांबाबत एक बाब अनेक चालकांना ठाऊक नसते. गाडी गिअरमध्ये असताना मूठ पूर्ण सोडली, तर ठरावीक फेऱ्यांच्या वर बहुतेक आधुनिक इंजिनांत पेट्रोलचा पुरवठा तात्पुरता थांबतो. सिग्नल दिसताच क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी घरंगळत नेणाऱ्याला हा लाभ मिळत नाही, कारण तेव्हा इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावेच लागते. दुरूनच मूठ सोडून गिअरमध्ये गाडी मंदावत नेणे हे ब्रेक आणि पेट्रोल या दोहोंसाठी हितकर आहे. टायरमधील हवा योग्य ठेवणे आणि साखळीला वेळेवर तेल देणे, या जुन्या सूचना रुंद टायरांच्या वेगवान गाड्यांना अधिकच लागू पडतात.

चाचणीतील आकडा आणि रस्त्यावरचा आकडा

दुचाकीच्या मायलेजचा जो आकडा ग्राहकाला सांगितला जातो, तो प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगाने घेतलेल्या चाचणीतून येतो. देशात अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांमध्ये १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अग्रगण्य आहे. पूर्वीचे भारतीय चाचणीचक्र १०८ सेकंदांचे होते; त्यात कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर, तर सरासरी वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास होता. त्यानंतर आलेले जागतिक चाचणीचक्र अधिक वास्तवदर्शी असून वेगवान मोटारसायकलींसाठी त्याच्या अखेरच्या टप्प्यात वेग ताशी १२५ किलोमीटरपर्यंत जातो.

तरीही कोणतेही चाचणीचक्र बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवरील किंवा सिल्क बोर्ड चौकातील संध्याकाळ दाखवू शकत नाही. टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ सालच्या रहदारी निर्देशांकात संथपणाच्या बाबतीत बेंगळुरू जगात तिसरे होते. दहा किलोमीटर अंतर कापण्यास येथे सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागत. चौथा क्रमांक पुण्याचा होता आणि तेथील वेळ ३३ मिनिटे २२ सेकंद होती. म्हणजेच बेंगळुरूतील सरासरी वेग ताशी १८ किलोमीटरच्याही खाली होता. जुन्या चाचणीचक्राच्या संथ वेगापेक्षाही हा कमी आहे. दुचाकीस्वार कारांच्या मधून वाट काढतो हे खरे. पण इंजिन चालू आणि अंतर शून्य, ही स्थिती त्यालाही चुकत नाही. महाराष्ट्रातील वाचकांनी, विशेषतः पुणेकरांनी, बेंगळुरूचा हा अनुभव परका मानण्याचे कारण नाही.

शहराबाहेर पडल्यावरही परिस्थिती सरळ नाही. मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना बंदी करण्यात आली. वेगवान कारांच्या गर्दीत दुचाकीस्वारांचा जीव धोक्यात येऊ नये, हा त्यामागील उद्देश रास्त होता. पण त्यामुळे एकसमान वेगाने जाण्याची, म्हणजेच सर्वाधिक बचतीची, संधी दुचाकीला तेथे उरली नाही. बाजूच्या सेवा रस्त्यावर गावे, वळणे आणि गतिरोधक यांमुळे वेग सतत खालीवर होतो.

वीस टक्के इथेनॉलचा वाद

मायलेजच्या चर्चेत अलीकडे इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरू येथेच, भारत ऊर्जा सप्ताहाच्या निमित्ताने झाला. प्रारंभी ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील ८४ पंपांवर ते उपलब्ध होते. २०२५ मध्ये हे प्रमाण देशभरात गाठले गेले. त्यानंतर मायलेज घटल्याच्या तक्रारी वाढल्या. या धोरणाविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे मायलेजमध्ये काही घट अटळ आहे. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात जुन्या पद्धतीच्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के राहील असा अंदाज दिला होता. लिटरला ३० किलोमीटर जाणाऱ्या गाडीला याचा अर्थ सुमारे एक किलोमीटरचा फटका असा होतो. दुसरीकडे, इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने उच्च दाबाच्या, खास त्यासाठी जुळविलेल्या इंजिनांना त्याचा लाभ घेता येतो. ग्राहकांची तक्रार निराधार नाही, कारण पंपावर त्यांना पर्याय नाही आणि कमी ऊर्जेच्या इंधनासाठी दरही कमी झालेला नाही. मात्र सवयीमुळे होणारा तोटा याच्या कितीतरी पट असू शकतो, ही बाब या गदारोळात मागे पडली.

ती बाब रुपयांत मांडता येते. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने विक्रीकर वाढविल्यानंतर बेंगळुरूत पेट्रोलचा दर लिटरला १०२ रुपयांच्या पुढे गेला. या दराने महिन्याला एक हजार किलोमीटर फिरणारा चालक लिटरला ३० ऐवजी २४ किलोमीटर मिळवीत असेल, तर त्याला आठ लिटरहून अधिक पेट्रोल जास्त लागते. महिन्याकाठी हा फरक साडेआठशे रुपयांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे दहा हजार रुपये होतो. एका कुटुंबासाठी ही रक्कम नगण्य नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेट्रोलियम मंत्रालयाच्या पाहणीनुसार देशातील पंपांवर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी ६१ टक्क्यांहून अधिक पेट्रोल दुचाकी वापरत होत्या. गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाला दुचाकीस्वाराच्या मनगटाची सवय ही खासगी बाब मानून चालणार नाही.

सीसीची रेषा कितपत योग्य

या पार्श्वभूमीवर कराच्या रेषेकडे पुन्हा पाहावे लागते. होसूरच्या टीव्हीएस अपाचे आरआर ३१० या मोटारसायकलीचे इंजिन ३१२ सीसीचे असून २०२४ च्या आवृत्तीत ते ३८ अश्वशक्ती देते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या रॉयल एनफील्डच्या नव्या हिमालयनचे इंजिन ४५२ सीसीचे असून त्याची ताकद ४० अश्वशक्ती आहे. दोघींची ताकद जवळपास सारखी. पण पहिलीवर १८ टक्के, तर दुसरीवर ४० टक्के कर. लहान इंजिन जास्त फेऱ्यांवर फिरवून मिळविलेली ताकद आणि मोठ्या इंजिनाने सावकाश दिलेली ताकद यांत इंधनाच्या दृष्टीने नेहमी पहिलीच सरस असते, असे तंत्रशास्त्र सांगत नाही. महसूल गोळा करण्यास सीसीची रेषा सोपी आहे, हे मान्य. इंधन बचतीचे साधन म्हणून ती ढोबळ आहे. प्रवासी कारांसाठी २०१७ पासून सरासरी इंधन वापराची मानके लागू करण्यात आली. दुचाकी त्यांच्या कक्षेत नव्हत्या.

उद्योगाने काही पावले स्वतःहून टाकली आहेत. आरआर ३१० मध्ये २०२० पासून चार प्रकारच्या चालन-पद्धती देण्यात आल्या. शहर व पावसासाठीच्या पद्धतीत ३४ अश्वशक्तीची ताकद जवळपास २६ वर आणली जात असे. कंपनीने दिलेली ही सोय म्हणजे शहरात पूर्ण ताकदीची गरज नसते, याची अप्रत्यक्ष कबुलीच आहे. अर्थात, बटण कोणते दाबायचे हे शेवटी चालकच ठरवितो.

विजेच्या गाडीलाही तोच नियम

विजेवरील मोटारसायकलींनी हा विषय निकालात काढला, असे समजणे घाईचे होईल. नोव्हेंबर २०२२ मध्ये अल्ट्राव्हायोलेटने एफ-७७ बाजारात आणली, तेव्हा १०.३ युनिटांच्या बॅटरीवर ३०७ किलोमीटरच्या पल्ल्याचा दावा करण्यात आला. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे सव्वा लिटरपेक्षाही कमी पेट्रोलइतक्या ऊर्जेत तीनशे किलोमीटर! औष्णिक वीजकेंद्रात होणारा ऊर्जेचा ऱ्हास जमेस धरूनही हा फरक थक्क करणारा आहे. शिवाय ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत घेता येतो, त्यामुळे कोंडीत विजेच्या गाडीचे नुकसान कमी होते.

पण हा पल्ला भारतीय चाचणीचक्रावरचा, म्हणजे संथ वेगाचा आहे. महामार्गावर वारा विजेच्या गाडीलाही तेवढाच अडवितो. या गाडीलाही ग्लाइड, कॉम्बॅट आणि बॅलिस्टिक अशा तीन पद्धती देण्यात आल्या. मूठ पिळण्याची सवय तीच राहिली, तर पेट्रोलचा पंप जवळ असणाऱ्याला जे परवडते, ते चार्जिंगची सोय शोधणाऱ्याला परवडत नाही. इंधन बदलले, तरी चालकाची जबाबदारी संपत नाही.

पुढचा मार्ग

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ग्राहकाच्या हक्काची आहे. वेगवान मोटारसायकलीसाठी मायलेजचा एकच आकडा दिशाभूल करू शकतो. शहर आणि महामार्ग यांचे आकडे वेगळे, ठळक आणि सक्तीने दाखविले गेले, तर खरेदी करणाऱ्याला आपल्या रोजच्या रस्त्याचा अंदाज बांधता येईल. जागतिक चाचणीचक्राचे टप्पे वेगवेगळेच मोजले जात असल्याने ही माहिती देणे अवघड नाही. कराची रचनाही कालांतराने इंजिनाच्या मापाऐवजी मोजलेल्या इंधन वापराशी जोडण्याचा विचार व्हायला हवा.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची आहे. वाहन परवान्याच्या चाचणीत गाडी तोलून नेता येते की नाही हे पाहिले जाते. पण मूठ केव्हा सोडावी आणि गिअर केव्हा बदलावा हे क्वचितच शिकविले जाते. पुढचा रस्ता पाहून आधीच वेग आवरणारा चालक पेट्रोल वाचवितो आणि अपघातही टाळतो. चाळीस अश्वशक्तीच्या गाड्या हजारो तरुणांच्या हाती येत असताना या शिक्षणाची जबाबदारी परिवहन खाते आणि उत्पादक कंपन्या या दोघांनीही उचलणे आवश्यक आहे. रहदारी सुरळीत करण्यास बेंगळुरू आणि पुणे या दोन्ही शहरांना अनेक वर्षे लागतील. चालविण्याची पद्धत मात्र टाकीत पुढचे पेट्रोल भरण्यापूर्वीही बदलता येते आणि त्यासाठी कोणत्याही शासकीय अध्यादेशाची वाट पाहावी लागत नाही.